घरगुती हिंसाचाराची नोटीस आली तर बचाव कसा उभा करायचा? खानदेशातल्या घरांसाठी सविस्तर माहिती

आपल्याकडे ही गोष्ट बऱ्याचदा अशी सुरू होते. बायको अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाते, घ्यायला गेलं की सासरे म्हणतात आता नाही पाठवत, मग दोन्हीकडचे पाहुणे बसून एक-दोन बैठका होतात, त्यात कोणीतरी कोणाच्या अंगावर जातं, आणि काही दिवसांनी बेलीफ नाहीतर हवालदार दारात कागद घेऊन उभा. कागदावर घरातल्या सगळ्यांची नावं, आई, वडील, पुण्यातला भाऊ, सुरतेच्या उधन्याला दिलेली बहीणसुद्धा. त्या दिवशी घरात जो गोंधळ उडतो ना, त्याच गोंधळात केसचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, दोन्ही बाजूंच्या केसेस चालवतो, आणि आरोप झालेल्या माणसाला आपली बाजू मांडायचा पूर्ण हक्क आहे असं मी मनापासून मानतो. फक्त तो हक्क तारखेवर आणि कागदावर वापरायचा असतो, रात्री फोन करून किंवा तिच्या माहेरच्या ओट्यावर जाऊन नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. खरंच हात उचलला असेल, दारू पिऊन मारझोड केली असेल तर ते आज बंद करा आणि वकिलाला खरं सांगा. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही. खोटा बचाव उलटतपासात उघडा पडतोच, आणि मग जे खरं होतं त्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पहिलं काम: कागद कसला आलाय ते बघा

लोक येतात आणि म्हणतात, "वकीलसाहेब, ४९८ लागली", आणि कागद बघितला तर डीव्हीची नोटीस असते. कधी उलटं असतं. या दोन एकदम वेगळ्या वाटा आहेत.

डीव्ही म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. यात कलम १२ खाली बाई प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, थेट किंवा याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत. ही बरीचशी दिवाणी स्वरूपाची केस आहे, तुम्ही यात आरोपी नसता, गैरअर्जदार असता, म्हणजे नुसत्या या नोटिशीवर कोणी उचलून नेत नाही. तिला यात संरक्षण आदेश, राहायला घर, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई मागता येते. पण एकदा संरक्षण आदेश झाला आणि तुम्ही तो मोडला की मग तो गुन्हा, कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणून ऑर्डरचा शब्द न् शब्द वाचा. "संपर्क करू नये" लिहिलं असेल तर वाढदिवसाचा मेसेजही संपर्कच.

दुसरी वाट म्हणजे पोलिसातली फिर्याद. जुनं आयपीसी ४९८ अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केल्याचं कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड, अजामीनपात्र. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर गुन्हा जुन्याच कलमाखाली धरतात. सोबत ११५(२) (मारहाण), ३५२ (अपमान), ३५१ (धमकी), ३(५) (समान इरादा) आणि हुंडा प्रतिबंधक कायद्याची कलमं बहुतेक वेळा असतातच. एफआयआरची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे, ती हातात आल्याशिवाय कोणाशी काही बोलू नका.

तिसरा कागद असतो खावटीचा, पूर्वी १२५ म्हणायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १४४. तिन्ही कागद एकदम येऊ शकतात आणि ते कायदेशीर आहे. केस कुठल्या गावाला? तर ती जिथे सध्या राहते तिथे, मग ते तात्पुरतं का असेना. लग्न शिरपूरला झालं, नांदली शहाद्याला, आणि आता भावाकडे सुरतेला राहते तर सुरतेत केस टाकता येते. "आमच्या गावात काही घडलंच नाही तिकडे" हा मुद्दा डीव्हीत टिकत नाही, आणि ४९८ अ बाबतही सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या रूपाली देवी निकालात माहेरच्या ठिकाणी फिर्याद चालते असं सांगितलंय.

नोटीस घ्या, पळू नका

बेलीफ आला की घराला कुलूप लावून मळ्यात जाऊन बसणारे लोक मी खूप पाहिले. रजिस्टर पोस्टावर "घेण्यास नकार" असा शेरा पडला की कोर्ट नोटीस बजावली गेली असंच धरतं, मग एकतर्फी आदेश, आणि तुम्हाला कळतं तेव्हा खावटीची थकबाकी डोक्यावर चढलेली असते. डीव्हीत पहिली तारीख साधारण तीन दिवसांत ठेवायची असं कायद्यात आहे आणि ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असंही आहे. प्रत्यक्षात तसं होत नाही, वर्षं जातात, पण कलम २३ खालचा अंतरिम आदेश मात्र लवकर होऊ शकतो, म्हणून पहिली तारीख सगळ्यात महत्त्वाची.

त्या तारखेला वकीलपत्र दाखल करा, अर्जाची आणि सोबतच्या सगळ्या कागदांची नक्कल मागा, संरक्षण अधिकाऱ्याचा घरगुती घटना अहवाल असेल तर तोही मागा, आणि से (म्हणजे तुमचं लेखी म्हणणं) द्यायला मुदत घ्या. मुदत घेतली की ती पाळा. से दिला नाही तर "नो से"ची ऑर्डर होते आणि मग ती उठवायला वेगळा अर्ज, वेगळा खर्च. नोटिशीवरचा १६ अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकून ठेवा म्हणजे तारीख स्वतःला कळते, वकिलाच्या फोनची वाट बघावी लागत नाही.

वकील करताना फी टप्प्याटप्प्याने ठरवा आणि पावती घ्या. आणि "साहेबांशी बोलणं झालंय, मॅनेज होईल" असं सांगणारा जो कोणी भेटेल, त्याला एक रुपया देऊ नका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे, आणि तालुक्याला समिती. हेल्पलाईन १५१००. लोकांना वाटतं ही मदत फक्त तक्रार करणाऱ्या बाईला मिळते. तसं नाही. अनुसूचित जाती-जमातीचा कोणीही माणूस, कोणतीही स्त्री, आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हणजे धडगाव-अक्कलकुव्याच्या भिल्ल, पावरा भावाला मिळतो, आणि आरोपात नाव आलेल्या सासूला, नणंदेलाही मिळतो. हे सांगायला पाहिजे कारण घरातल्या म्हाताऱ्या बाईसाठी वेगळा वकील करायला पैसे नाहीत म्हणून तिचं म्हणणं कोणी मांडतच नाही.

पोलिसांनी बोलावलं तर

एफआयआर होण्याआधी बहुतेक वेळा एसपी ऑफिसच्या महिला तक्रार निवारण केंद्रात किंवा भरोसा सेलला बोलावतात. जा. तिथे आवाज चढवू नका, तिच्या चारित्र्यावर बोलू नका. तुम्हाला नांदवायचं असेल तर तसं लेखी द्या, नसेल तर तेही सभ्य भाषेत द्या, आणि जे दिलं त्याची पोच घ्या. न वाचता सही करू नका.

एफआयआर झाली तर लगेच अटक होतेच असं नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी अटक का गरजेची आहे याची कारणं लिहिली पाहिजेत, नाहीतर हजर राहायची नोटीस द्यायची. ती नोटीस पूर्वी ४१ अ होती, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३). ही नोटीस म्हणजे तुमचं संरक्षण आहे, पण हजर राहिलात तरच. दिलेल्या वेळी जा, कागद घेऊन जा, हजेरीची नोंद घ्यायला लावा. चौकशीत वकिलाला भेटायचा हक्क आहे, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही, आणि तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही करायची गरज नसते.

तरी अटकेची भीती वाटत असेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२. अर्ज घाईत टाकू नका, एफआयआर नीट वाचून प्रत्येकाची भूमिका वेगळी लिहून टाका. नवरा, सासू, नणंद सगळ्यांचा एकच परिच्छेद केला तर नणंदेचा चांगला मुद्दाही नवऱ्याच्या मुद्द्यात बुडतो. स्त्रीधन परत द्यायची तयारी अर्जात लिहिली तर त्याचा चांगला परिणाम होतो, फक्त जे लिहाल ते पाळायचं. जामीनदारासाठी सातबारा, घरपट्टीची पावती, आधार आधीच गोळा करून ठेवा, शुक्रवारी संध्याकाळी जामीनदार शोधत फिरायची वेळ येऊ देऊ नका.

नोकरदारांनी एक लक्षात ठेवा. राज्य सरकारी कर्मचारी किंवा रेल्वेवाला ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर निलंबित झाल्याचं धरलं जातं. भुसावळच्या रेल्वेवाल्या घरांमध्ये हे माहीत नसतं आणि दोन दिवस "बघू, सोडतील" करत जातात. इथे एक दिवसाचा उशीरसुद्धा महाग पडतो.

कागद गोळा करणं

बचावाचा खरा जीव यात आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी एक कोरी वही घ्या आणि लग्न ठरल्यापासून आजपर्यंत काय काय झालं ते तारखेनुसार लिहा. बैठका कधी झाल्या, कोण होतं, ती माहेरी कधी गेली, कोण घ्यायला आलं, दवाखाना कुठे, पैसे कोणी कोणाला दिले. तुमच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही लिहा. मग तिच्या अर्जातला एकेक आरोप घ्या आणि त्याच्यासमोर तुमच्याकडे काय पुरावा आहे ते लिहा. आरोपात तारीख असेल तर त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? कंपनीचं हजेरीपत्रक, रेल्वेचं तिकीट, बाजार समितीची त्या दिवशीची पट्टी, दवाखान्याचं केसपेपर, असलं काहीही चालतं. आरोपात तारीखच नसेल, "वेळोवेळी त्रास दिला" एवढंच असेल, तर तो मुद्दा सेमध्ये ठळक मांडा.

मोबाईलमधलं काही डिलीट करू नका, तुमच्या विरोधातलं असलं तरी. फोन बदलू नका, फॉरमॅट मारू नका. चॅट आणि रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुन्या ६५ ब सारखं, नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका. सीसीटीव्ही काही दिवसांत पुसला जातो, दुकानदाराला लगेच विचारा. आणि तिचा फोन उघडणं, तिचं अकाउंट हॅक करणं, तिचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकणं, यातलं काहीही केलं तर तुमच्यावर नवीन गुन्हा दाखल होईल आणि तो मात्र खरा असेल.

साक्षीदार म्हणून भाऊबंदकीतली दहा माणसं उभी करण्यापेक्षा शेजारचा एक त्रयस्थ माणूस बरा, ज्याने खरंच काही पाहिलंय.

म्हातारे आई-वडील, बहिणी, पुण्यातला भाऊ

यांच्यासाठी बचाव वेगळा आहे आणि बऱ्याचदा मजबूत आहे. गीता मेहरोत्रा २०१२, कहकशां कौसर २०२२, दारा लक्ष्मी नारायण डिसेंबर २०२४, या सगळ्या निकालांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नवऱ्याच्या नातेवाईकांवर मोघम, सरसकट आरोप असतील, कोणी काय केलं हे नसेल, तर त्यांना खटल्यात ओढू नये. त्यासाठी हायकोर्टात जावं लागतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली, आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. चार्जशीट झालं असेल तर खालच्याच कोर्टात डिस्चार्जचा (खटल्यातून मुक्त करण्याचा) अर्जही करता येतो, आता त्याला नक्कल मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे, ती चुकवू नका.

डीव्हीत प्रश्न असा असतो की त्या नातेवाईकाचं तिच्याशी कौटुंबिक नातं होतं का, म्हणजे एकाच घरात राहिले का. बहीण लग्न होऊन आधीपासून उधन्याला असेल तर तिची लग्नपत्रिका, तिथलं रेशन कार्ड, मुलांच्या शाळेचे दाखले, लाईट बिल हे सगळं सेसोबत लावा. बाया डीव्हीत गैरअर्जदार होऊच शकत नाहीत असं काही जण अजून सांगतात, ते २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर राहिलेलं नाही. फक्त बाईला घराबाहेर काढायचा आदेश मात्र कायद्याने देता येत नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हायकोर्ट डीव्हीचा अर्जसुद्धा रद्द करू शकतं, पण फार जपून. म्हणून आधी खालच्या कोर्टात नाव वगळायचा अर्ज आणि नीट से, मग वर.

घर आणि खर्च

घराबाबत लोक सगळ्यात मोठा घोळ घालतात. वडील पेपरात जाहीर नोटीस देतात, "मुलाला बेदखल केले, त्याच्याशी संबंध नाही", आणि समजतात सून आता घरात येऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२० च्या सतीशचंद्र आहुजा निकालानंतर घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती तिथे नांदत असेल तर तिचा राहण्याचा हक्क येऊ शकतो. तिला बाहेर काढून कुलूप लावलं की कोर्टासमोर तुमची बाजू पहिल्याच दिवशी पडते. एकत्र राहणं खरंच शक्य नसेल तर स्वतः होऊन सांगा की वेगळी खोली करून देतो किंवा भाडं देतो, कायद्यात तशी सोय आहे आणि कोर्टाला ते पटतं.

खर्चाच्या बाबतीत ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा निकाल प्रत्येकाला माहीत पाहिजे. दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. केळीवाल्याने, कपाशीवाल्याने नोकरदाराचा फॉर्म भरू नये. आपल्याकडे सातबारा दहा एकराचा दिसतो पण त्यात चार भावांची नावं असतात, विकास सोसायटीचं कर्ज असतं, वादळात केळी आडवी झालेली असते, पंचनामा झालेला असतो. हे कोर्टाला आपोआप कळत नाही. सातबारा, आठ अ, सोसायटीचा कर्जाचा उतारा, व्यापाऱ्याच्या पट्ट्या, नुकसानीचा पंचनामा, बँक पासबुक, सगळं लावा. खरं लिहा. जमीन भावाच्या नावावर करून "माझ्याकडे काहीच नाही" असं सांगितलं तर फेरफाराच्या तारखा सगळं सांगतात. शपथपत्र चार आठवड्यांत द्यायचं, टाळत राहिलात तर बचावच काढून टाकला जाऊ शकतो.

"ती शिकलेली आहे, कमवू शकते" एवढ्यावर खावटी थांबत नाही, ती खरंच कमावते हे दाखवावं लागतं. "नांदायला ये" असा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ चा दावा टाकून हुकूम मिळवला म्हणजे खावटी बंद, हेही खरं नाही, जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. डीव्हीत आणि १४४ मध्ये दोन्हीकडे रक्कम लागली असेल तर मात्र एकातली दुसऱ्यात वजावट मिळते, त्यासाठी आधीची ऑर्डर लपवू नका, दाखवा. रक्कम बँकेतूनच भरा. रोख द्यायचीच वेळ आली तर कोर्टात पुरसिस (पैसे मिळाल्याचं लेखी निवेदन) घेऊन द्या. रक्कम जास्त वाटते म्हणून भरणं बंद करू नका, भरत राहा आणि डीव्हीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायालयात त्याच कायद्याच्या कलम २९ चं अपील करा. पुढे नोकरी गेली, आजारपण आलं, तर डीव्हीच्या कलम २५ खाली रक्कम बदलून मागता येते.

स्त्रीधन

तिचे दागिने, रुखवताची भांडी, कपाट, आंदण दिलेलं सगळं तिचं आहे, १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून यात शंका नाही. अडवून ठेवल्यास विश्वासघाताचा वेगळा गुन्हा लागतो. यादी करा, फोटो काढा, आणि कोर्टात किंवा संरक्षण अधिकाऱ्यासमोर सही घेऊन परत द्या. परस्पर गाडीत टाकून तिच्या दारात नेऊन ठेवू नका, मग पोत होती का नव्हती यावर वर्षभर भांडण चालतं.

तडजोड करायची असेल तर

जिल्हा कोर्टात मध्यस्थी केंद्र आहे, लोकअदालत असते. तिथे मिटलं तर फार बरं, विशेषतः लेकरं लहान असतील तर. पण बैठकीत पंचांसमोर शंभराच्या, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलेली फारकत म्हणजे घटस्फोट झाला असं समजू नका. समाजात तशी जुनी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि ते सिद्ध न होताच दुसरं लग्न केलं तर प्रकरण भलतीकडे जातं. आदिवासी समाजाला हिंदू विवाह कायदा सहसा लागू होत नाही, त्यांची रूढी वेगळी, पण डीव्हीचा कायदा सगळ्यांना लागू आहे, धर्म-जात कोणतीही असो.

या सगळ्यात मुलांना मध्ये घेऊ नका, लपवून ठेवू नका, भेटीचा अर्ज डीव्हीच्या कलम २१ खाली रीतसर करा. आणि स्वतःला फार त्रास होत असेल, झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर टेली मानस १४४१६ ला फोन लावा, मोफत आहे, मराठीत बोलतात. केस कितीही वाईट दिसत असली तरी त्यातून वाट निघते, मी बघितलंय.

तडजोड ठरली की अटी कागदावर अशा बसवा: एकूण रक्कम किती, हप्ते किती, कोणती केस कधी मागे घ्यायची, मुलांची भेट कशी. डीव्ही आणि खावटी तिला मागे घेता येते, ४९८ अ मात्र आपल्याकडे खालच्या कोर्टात आपसात मिटत नाही, त्यासाठी तिचं संमतीचं शपथपत्र घेऊन खंडपीठात एफआयआर रद्द करून घ्यावी लागते. म्हणून सगळे पैसे पहिल्या दिवशी देऊ नका, शेवटचा डीडी एफआयआर रद्द होण्याच्या टप्प्यावर ठेवा, तिलाही त्यात सुरक्षित वाटतं कारण डीडी कोर्टासमोर असतो. हायकोर्टाची ऑर्डर झाली की सर्टिफाईड कॉपीच्या चार प्रती काढा, एक तालुका कोर्टात दाखल करा म्हणजे तिथला खटला बंद होतो, एक पोलीस स्टेशनला पोच घेऊन द्या, एक नोकरीच्या ठिकाणी आणि एक घरी कायमची जपून ठेवा, पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या पोलीस पडताळणीला पुढे कधीही लागू शकते.